जार गार, पोट बेजार!

“वाशी? अरे वा, म्हणजे पाम बीच रोड!”

पुण्यात शिकायला आल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, याची मोजदाद सोडून दिली. नाही हो, ते नवी मुंबईचं. आमचं वाशी धाराशिव जिल्ह्यातलं. बालाघाटच्या पठारावरचं. फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेरखेडा आमच्याच तालुक्यात आहे. आमच्याकडे लोकल नाही, खाडी नाही आणि उन्हाळ्यात पाणीही नाही. म्हणजे असतं, पण टँकरमध्ये, बोअरमध्ये आणि हल्ली जारमध्ये.

आजचा विषय हा जारच आहे. पण गोष्ट सुरू होते पुण्यातून.

जानेवारी २०२५. आम्ही चौघी सिंहगड रोडच्या बाजूला रूम करून राहात होतो. एके दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडला : ‘जीबीएस’. आधी वाटलं नवीन परीक्षा आली की काय! मग कळलं, गुइलेन बॅरे सिंड्रोम. हातापायांतली ताकद जाते, चालता येत नाही, काहींना तर व्हेंटिलेटर लागतो. आणि पेशंट कुठले? किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला. म्हणजे आमच्या शेजारचेच. बघता बघता आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींचा जीवही गेला.

वाशीवरून पप्पांचा फोन आला. “उद्याच्या उद्या गावाकडं निघून ये. काय ते कॉलेज-फिलेज नंतर बघू. इथलं पाणी बरंय.”

मी बॅग भरली, एसटी पकडली आणि घरी आले. सुटले म्हणाले. आठ-दहा दिवसांनी नात्यातलं एक लग्न होतं. मंडपात निळे-पांढरे जार ओळीनं मांडलेले. दोन ग्लास गारेगार पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी पोटात कळ, मग ताप, मग रात्रभर फेऱ्या. मी एकटी नव्हते. माझा मावसभाऊ, मामी, तिची लहान मुलगी आणि आजी. एका घरातले पाच जण एकाच वेळी आडवे!

पुण्यातून ज्याच्यासाठी पळाले, ते गावात माझ्या आधीच येऊन बसलं होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. आम्हाला नेमका कोणता जंतू लागला, तो जारमधूनच आला की जेवणातून, हे मला माहीत नाही. कारण कुणी तपासलंच नाही. दवाखान्यात सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, पाच-सहा दिवसांत बरे झालो, विषय संपला. ना शौचाचा नमुना, ना पाण्याचा नमुना, ना कुठल्या रजिस्टरला नोंद. मला लिहायचंय ते याच ‘विषय संपला’बद्दल.

पोटातून पायापर्यंत

आधी थोडं सायन्स. घाबरू नका, पेपरात येणार नाही.

पुण्यातल्या पेशंटच्या काही नमुन्यांत जो जंतू सापडला, त्याचं नाव कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. काहींमध्ये नोरोव्हायरसही निघाला. कॅम्पायलोबॅक्टर हा आतड्यात शिरणारा जिवाणू. आकारानं वाकडा, स्क्रूसारखा. त्याच्या नावातच ‘वाकडा’ हा अर्थ आहे. कोंबड्या आणि इतर पक्ष्यांच्या आतड्यात तो सुखानं राहतो, त्यांना काही करत नाही. पक्ष्यांच्या अंगाची ऊब, साधारण ४२ अंश, त्याला मानवते. तिथून विष्ठेवाटे पाण्यात, कच्च्या मांसावर, न तापवलेल्या दुधात आणि शेवटी आपल्या पोटात. काहीशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. म्हणजे एक घोटही पुरे.

पोटात गेल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांनी जुलाब, पोटात मुरडा, ताप, कधी शौचातून रक्त. बहुतेक जण आठवड्याभरात आपोआप बरे होतात. पण साधारण हजारात एखाद्याच्या बाबतीत गंमत बिघडते. या जंतूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीराची फौज जंतूला मारायला निघते आणि चेहरा सारखा म्हणून आपल्याच नसांवर तुटून पडते. जुलाब थांबून एक-तीन आठवडे झालेले असतात, आपण ते विसरूनही गेलेलो असतो, आणि पायांना मुंग्या यायला लागतात. हाच जीबीएस. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही, तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो त्याच्या आधीचा जुलाब.

आणि इथंच गणित समजून घ्या. हजार जुलाबांमागे एखादा जीबीएस असेल, तर पुण्यात पेशंट दिसायला लागण्याआधी किती जणांची पोटं बिघडली असतील? ते सगळे कुठं गेले? मेडिकलवर. ‘एक मोशन बंद व्हायची गोळी द्या’ म्हणून. पाय लुळे पडले तेव्हा बातमी झाली. पोट बिघडलं होतं, तेव्हा ती ‘बाहेरचं खाल्लं असशील’ होती.

पाणी पारदर्शक, कारभार गढूळ

पुण्यात बोट आधी नांदेड गावच्या विहिरीकडे गेलं. ही गावं महापालिकेत आली, पण शहराच्या इतर भागाला मिळतं तसं शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी त्यांना मिळत नव्हतं. क्लोरीन टाकून विहिरीचं पाणी सोडलं जात होतं. मग बोट खासगी आरओ प्लांटकडे गेलं. तपासणीत अनेक ठिकाणचं पाणी पिण्यालायक नव्हतं, काही ठिकाणी क्लोरीनचा पत्ता नव्हता. महापालिकेनं फेब्रुवारीत त्या भागातल्या तीसेक प्लांटना सील ठोकलं. मग बोट कोंबड्यांकडे गेलं. चिकनवाल्यांचा धंदा बसला. व्हॉट्सअॅपवर तर रोज नवा आरोपी.

मी हे घरी सांगत होते तेव्हा आजी म्हणाली, “आमच्या टायमाला बी असंच व्हायचं. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे.”

पटकी म्हणजे कॉलरा. गावात पटकीची साथ आली की लोक मरीआईची पूजा करायचे, छोट्याशा लाकडी गाड्यात तिला बसवायचे आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. रोगराई गाड्याबरोबर जाईल ही श्रद्धा. पण शिवेपलीकडं कोण? दुसरं गाव! मग ते गाव तोच गाडा आपल्या शिवेबाहेर ढकलायचं. “असं करत करत गाडा कुठं जायचा गं?” मी विचारलं. आजी म्हणाली, “काय माहीत. आपल्या शिवारातनं गेला म्हंजे झालं.”

आजीला नावं ठेवायचं कारण नाही. तिच्या आईच्या काळात जंतू कुणी दाखवले नव्हते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉकनं कोलकात्यातल्या पेशंटमध्ये आणि तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला खरा, पण ती बातमी बालाघाटच्या डोंगरावर पोचायला फार वर्षं लागली. पण आपल्याकडे तर सगळी माहिती खिशात आहे. तरी आपण काय करतो? ग्रामपंचायत म्हणते टँकरवाल्याचं पाणी, टँकरवाला म्हणतो विहीरच तशी, जारवाला म्हणतो मंडपवाल्यानं जार उघडे ठेवले, मंडपवाला म्हणतो लोकांनी ग्लास बुडवले. गाडा आजही फिरतोय. फक्त शीव बदलली.

आणि हा गाडा कुठं थांबतो, तेही सांगते. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. का? तेव्हाच्या बातम्यांनुसार, वीजबिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीजच तोडलेली होती. माणसं दगावली. एकविसाव्या शतकात, पावसाळ्यात, भरपूर पाणी असताना, पटकीनं! बिल कुणी भरायचं याचा गाडा ढकलत राहिले आणि तो गरिबाच्या दारात जाऊन थांबला.

गार म्हणजे चांगलं नव्हे

आता आपल्याकडे या. वाशी असो, भूम असो की कळंब, लग्न, बारसं, तेरावा, वाढदिवस, प्रचारसभा, जार पाहिजेच. कॉलेजच्या गॅदरिंगलाही जार. गावोगावी पाण्याचं एटीएम आलंय, नाणं टाका, कॅन भरा. नळाचं पाणी देणं आता पाहुण्यांचा अपमान वाटतो. मला या सगळ्यात तीन गैरसमज दिसतात.

पहिला : पारदर्शक पाणी म्हणजे स्वच्छ पाणी. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. काचेसारख्या पाण्यातही ते लाखोंनी असू शकतात.

दुसरा : गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी. थंडीनं जंतू मरत नाहीत. उलट कॅम्पायलोबॅक्टर गार पाण्यात जास्त दिवस टिकतो.

तिसरा आणि सगळ्यात मोठा : आरओ म्हणजे विषय संपला. आरओ मशीन नीट चालत असेल तर पाणी चांगलं होतं, मान्य. पण त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणजे पुढे त्याला राखणदार नाही. ते पाणी न धुतलेल्या जारमध्ये भरलं, वरून कुणी हात घातला, की शुद्ध पाण्याचं पुन्हा ‘जैसे थे’. सीलबंद बाटली वेगळी. हा जार सीलबंद नसतो, त्यावर तारीख नसते, आत काय आहे याची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेली नसते.

आणि ज्या पाण्याला राखणदार असतो, त्याला आपण नाक मुरडतो! “नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय” म्हणत आमच्या गल्लीत लोक पाणी ओतून देतात. अहो, तो वास टीसीएल पावडरचा, म्हणजे क्लोरीनचा. घरातल्या नळापर्यंत पोचल्यावरही लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे, असं आपलं भारतीय मानक सांगतं. थोडा वास म्हणजे पहारा चालू आहे.

मला जारवाल्यांचा धंदा बंद पाडायचा नाही. आमच्या भागात हे प्लांट टाकणारी पोरं आपलीच आहेत. शेती पिकत नाही, नोकरी नाही, म्हणून कर्ज काढून बसलेली. माझ्याच वर्गातल्या एकाच्या भावाचा प्लांट आहे. म्हणून तर म्हणते, भांडू नका, विचारा. दादा, जार कशानं धुतोस? पाणी शेवटचं लॅबमध्ये कधी तपासलंस? रिपोर्ट भिंतीवर का लावत नाहीस? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याच्या आधी रिपोर्ट लागेल. आपण मोबाइल घेताना रॅम विचारतो, पाणी घेताना फक्त ‘गार आहे ना?’ एवढंच.

पिवळा रंग शोधा

पण नुसतं गिऱ्हाइकांवर सोडूनही चालणार नाही. मागणी सरकारकडेही पाहिजे, आणि त्यासाठीची साधनं आपल्याकडे आधीच आहेत. आपल्याला फक्त माहीत नाहीत.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं? मला माझ्या मामाच्या गावाचं माहीत नव्हतं. मामालाही नव्हतं. वर्गात विचारलं तर ४० जणांत एकाही हाताला वर जायचा योग आला नाही. आयपीएलच्या टीमच्या जर्सीचे रंग मात्र सगळ्यांना पाठ!

दुसरं साधन, ओटी टेस्ट. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. मिनिटभराचं काम. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो, त्यानं हे करायचं असतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. किट कुठं आहे? बऱ्याचदा कपाटात.

म्हणून माझं एक सरळ म्हणणं आहे. दरवर्षी कॉलेजांची एनएसएसची सात दिवसांची शिबिरं होतात. मीही केलंय. आपण काय करतो? मंदिराचं आवार झाडतो, पथनाट्य करतो, ‘पाणी वाचवा’ची रॅली काढतो, फोटो काढतो. यंदापासून एकच काम करा : शिबिरातल्या गावातल्या प्रत्येक नळाची, टाकीची, जार प्लांटची ओटी टेस्ट करा आणि निकाल चावडीवरच्या फळ्यावर खडूनं लिहा. नळ, वार, रंग. बास. घोषणा नको, आरोप नको. रंग दिसला की गाव आपोआप बोलायला लागेल. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना नुसतं झेंडावंदन करून परत न येता उभं राहून विचारा, “आपलं कार्ड कोणतं?”

हो, ओटी टेस्टनं जंतू दिसत नाहीत, फक्त राखणदार जागेवर आहे का ते कळतं. पण पहारेकरीच नसेल तर चोरीची वाट कशाला बघायची?

लाज सोडा, नोंद करा

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. जुलाबाबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते. ताप आला तर स्टेटस टाकतो, जुलाब झाले तर ‘तब्येत ठीक नाही’. मी स्वतः तेव्हा मॅडमना ‘व्हायरल फिव्हर’ असं कळवलं होतं. हे खोटंच साथीला मदत करतं. एका लग्नातले वीस जण आजारी पडले आणि वीसही जण वेगवेगळ्या दवाखान्यांत ‘बाहेरचं खाल्लं’ म्हणून गेले, तर साथ आली हे कुणाला कळणारच नाही. एकाच ठिकाणी खाल्ल्या-प्यायल्यानंतर दोन-चार जणांना एकदम जुलाब झाले, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला सांगा, नाहीतर १०४ वर फोन करा. नमुना घ्या म्हणावं. नोंद झाली नाही म्हणजे आजार झाला नाही, असं नसतं.

आणि आजारी पडलात तर स्वतःचे डॉक्टर होऊ नका. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खाणं थांबवा. कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू काही अँटिबायोटिक्सना आता जुमानेनासे झालेत, त्यात आपल्या अर्धवट डोसांचा वाटा आहे. ताप किंवा रक्त असताना जुलाब दाबणारी गोळी तर आणखी वाईट.

खरं औषध स्वस्तात मिळतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. तोवर साधारण तीस टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच आपलं ओआरएस. त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण मरणोत्तर, २०२३ मध्ये. फक्त पाकीट घेताना बघून घ्या. ओआरएसच्या नावाखाली गोड ज्यूस विकले जात होते. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली.

रूमवर राहणाऱ्यांसाठी एवढं तरी

- पाण्याची खात्री नसेल तर उकळा. मॅगीसाठी केटल आहेच ना? खळखळ उकळी येऊन एक मिनिट होऊ द्या, झाकून गार करा.
- पाण्यात ग्लास, हात बुडवू नका. नळाची टाकी किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा. वीस लिटरचा जार रिकामा झाला की घासून धुवा.
- चिकन खा, पण आतपर्यंत शिजवून. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. त्याच सुरीनं लगेच कांदा-टोमॅटो चिरू नका.
- संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात. साबण संपला असेल तर वॉर्डनला सांगा. लाजू नका, वर्गणी काढा.
- जुलाब लागले तर ओआरएस. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.
- शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी, खूप गळाल्यासारखं वाटणं, ही लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टर. जुलाब बरे झाल्यावर काही आठवड्यांत पायांना मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर वाट न बघता मोठा दवाखाना.

लग्नातल्या त्या पाण्यानंतर सगळ्यात जास्त हाल आजीचे झाले. तीन दिवस सलाईनवर होती. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना शरीरातलं पाणी कमी झालेलं झेपत नाही. ती घरी आल्यावर मी ओआरएस कालवत होते, तर म्हणाली, “हे मीठ-साखरंचं पाणी तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर माझा थोरला भाऊ ऱ्हायला असता.”

तो पटकीत गेला होता, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पुन्हा लग्नसराई आहे. घरून पत्रिकांचे फोटो यायला लागलेत. पप्पा परवा फोनवर म्हणाले, “ह्या येळेस पाण्याचं काय करायचं ते तूच बघ बाई.” चेष्टेत म्हणाले असतील. पण मी ओटी टेस्टचं किट मागवलंय. मंडपात जार उतरले की आधी नळी काढणार. लोक हसतील. हसू देत. पाणी पिवळं झालं तर मीच पहिला ग्लास पिणार आहे.